फ्रेंचमधली वेळ शिकायला गिअरचं घड्याळ: काही महिन्यांच्या वापरानंतर

अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेल्यांना किंवा डेल्फ ए-वनची (फ्रेंचच्या परीक्षेच्या पहिल्या पातळीची) तयारी करणाऱ्यांना लहान मुलांचं शिकवणीचं घड्याळ सुचवलं की हसू येतं. पण फ्रेंच वेळेचा निम्मा गोंधळ हे प्लास्टिकचं खेळणं सोडवतं. उरलेला निम्मा कानाचा, तिथे ते काही कामाचं नाही.

घ्यायचं तर गिअरवालंच घ्या, म्हणजे मिनिटकाटा फिरवला की तासकाटाही सरकतो. सुट्या काट्यांच्या पुठ्ठ्याच्या घड्याळात पावणेतीन लावताना तासकाटा दोनवरच राहतो आणि तोंडातून 'दोझर म्वँ ल कार' (दोनला पाव कमी) निघतं. झाले पावणेदोन! गिअरच्या घड्याळात तो तीनला टेकत आलेला दिसतो, त्यामुळे 'त्र्वाझर म्वँ ल कार' आपसूक सुचतं. तबकडीवर 13 ते 24 हे आकडेही छापलेले हवेत.

बारापासून सहापर्यंत मार्करने उभी रेघ मारा. उजव्या बाजूला मिनिटं मिळवायची: सव्वातीन 'त्र्वाझर ए कार', साडेतीन 'त्र्वाझर ए दमी'. डाव्या बाजूला पुढचा तास धरून वजा करायची: चाराला दहा कमी म्हणजे 'कात्रर म्वँ दीस'. पावणे म्हणायची सवय असल्याने मराठी माणसाला हे जड जात नाही. अडतं ते दीड, अडीच आणि पाऊण यांवर, कारण फ्रेंचमध्ये त्यांना वेगळे शब्दच नाहीत. दीड 'युनर ए दमी', अडीच 'दोझर ए दमी', आणि पाऊण वाजला असेल तर 'युनर म्वँ ल कार'. सव्वाला 'ल' लागत नाही, पावणेला लागतो. नव्वद टक्के लाल शेरे इथलेच, असं म्हटलं तरी चालेल. दुपारचे बारा 'मीदी', रात्रीचे 'मिन्वी'. त्यांच्यापुढे 'अर' (तास) लावू नका.

गाडीच्या वेळापत्रकात मात्र चोवीस तासांचा हिशोब असतो. 14:45 ला सरळ 'कातोर्झर काराँत-सँक' म्हणायचं. तेराच्या पुढे 'ए कार', 'ए दमी', 'म्वँ' हे काही चालत नाही. दिलासा एवढाच, की मिनिटं 59 ला संपतात, त्यामुळे सत्तरला 'साठ-दहा' म्हणण्याची फ्रेंचमधली कसरत वेळेत करावी लागत नाही.

आता कान. 'अर'च्या आधी दोन, तीन, सहा यांच्या शेवटी 'झ' ऐकू येतो आणि बारा, तेरा, सोळा यांत तो मुळातच असतो, म्हणून जोड्या फसवतात. दोन 'दोझर', बारा 'दूझर'. तीन 'त्र्वाझर', तेरा 'त्रेझर'. सहा 'सीझर', सोळा 'सेझर'. नऊ एकटा असताना 'नफ', तासाला जोडला की 'नव्हर'. शिवाय 'दोझर वँ' म्हणजे दोन वीस आणि 'वँत-दोझर' म्हणजे रात्रीचे दहा. क्रम चुकला तर गाडी गेलीच. सरावाला फोनची भाषा फ्रेंच करा, वेळा फ्रेंच शब्दांत लिहून फोनकडून मोठ्याने वाचून घ्या आणि न बघता घड्याळात लावा. याच तीन जोड्या उलटसुलट करून रोज पाच मिनिटं पुरतात. पॅरिसच्या वेधशाळेची फोनवर वेळ सांगणारी सेवा 1933 पासून चालू होती, ती जुलै 2022 मध्ये बंद झाली. सरावाला तिच्याइतकं स्वच्छ काही नव्हतं.

टिकाऊपणा बेताचाच. बाहेरच्या वर्तुळातले 13 ते 24 स्पिरिटने पुसून पुसून फिके होतात, तेव्हा कोरडं फडकंच वापरा. कुणी तासकाटा ढकलला की गिअरचे दात उडी मारतात आणि बरोबर तीन वाजता तो साडेतीनजवळ उभा दिसतो. मागचा स्क्रू सैल करून दोन्ही काटे बारावर आणायचे, मग आवळायचा. फार आवळलात तर मिनिटकाटा अडकत फिरतो.