पिनाफोर की मिकाडो, आधी कुठलं बघायचं?

गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) या इंग्रज जोडीच्या विनोदी ऑपेरांपैकी काहीच बघितलं नसेल तर माझं मत सरळ आहे, 'एचएमएस पिनाफोर'ने सुरू करा. १८७८ चं आहे, लंडनमधलं, आटोपशीर, गोष्ट एवढीच की कॅप्टनच्या मुलीचं साध्या खलाशावर प्रेम बसतं. पण खरी मजा सर जोसेफची, जो ऑफिसातली दाराची मूठ घासत घासत, समुद्रावर न जाता आरमाराचा प्रमुख झालाय. तेव्हा खरोखरच डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचे पुस्तकविक्रेते आरमाराचे मंत्री होते, लोक त्यांना 'पिनाफोर स्मिथ'च म्हणायला लागले! असली वशिल्याची माणसं कुठल्या ऑफिसात नसतात सांगा, म्हणून ते अजून शिळं वाटत नाही.

'मिकाडो' (१८८५) मात्र संगीतात आणि रचनेत वरचढ, हे मान्यच. सॅव्हॉय थिएटरमध्ये पहिल्याच फेरीत ६७२ प्रयोग झाले, पिनाफोरचे ५७१. फ्लर्टिंग केलं म्हणून मृत्युदंड झालेला शिंपीच तिथे मुख्य जल्लाद होतो, आणि त्याच्या 'कोण गेलं तरी चालेल' यादीच्या गाण्यात आजही नट नवीन नावं घुसवतात, पुढारी, सेलिब्रिटी, काहीही, त्यामुळे ते कायम ताजं राहतं. अडचण एकच, टोमणे सगळे इंग्रजांना आहेत पण गोष्ट जपानमधली आणि वेश जपानी, आणि गोऱ्या नटांनी मेकअप करून जपानी व्हायचं हे आता खटकतं, मला तरी खटकतं. काही नाटक कंपन्या जपान काढूनच टाकतात, गोष्टीचं काहीच अडत नाही.

गाण्यांसाठी बघणार असाल तर मिकाडो, पण प्रॉडक्शन निवडून.