भाड्याचा तन्मणी: पाचपैकी चार स्टार

लेकीच्या दहावीच्या सेंड-ऑफसाठी नऊवारी आणि दागिने भाड्याने आणले, त्या दुकानाबद्दल लिहितोय. तुळशीबागेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना अंधारा आहे, जपून चढा.

दुकान एक साठीच्या काकू चालवतात. शिवलेली नऊवारी ४०० रुपये, तन्मणी, चिंचपेटी आणि नथ मिळून २५०, डिपॉझिट १०००. मुदत २४ तास. लेकीने तन्मणी गळ्याला लावून विचारलं, "खरा वाटतो ना?"

"फोटोत वाटेल," काकू म्हणाल्या. "हातात घेतला की कळतं. मोती काचेचे आहेत, खोडाला, म्हणजे मधल्या पदकाला, नुसतं सोन्याचं पाणी दिलंय." पावतीवरही त्यांनी तसंच लिहिलं: 'इमिटेशन, हरवल्यास ९०० रु.'

ही पावती मला फार आवडली. लेकीला इंग्रजीला मोपासांची 'द नेकलेस' ही गोष्ट आहे, १८८४ सालची. मातिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून नेते, हरवते, नवराबायको ३६ हजार फ्रँकचा तसाच हार आणून गुपचूप परत करतात आणि दहा वर्षं कर्ज फेडतात. शेवटी कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. मैत्रिणीने अशी पावती दिली असती तर मोपासांना गोष्टच सुचली नसती! लेकीने त्यातल्या 'व्हॅनिटी'वर उत्तर पाठ केलंय. मला मात्र हार हरवल्यावर नवरा सुचवतो ती चिठ्ठी जास्त बोचते: फासा तुटलाय, दुरुस्तीला दिलाय असं कळव. वेळ मारून न्यायला.

आमच्याकडे फासा खरंच तुटला. लेक रात्री घरी आली ती थेट फेविक्विक शोधायला लागली. "काकूंना कळणारपण नाही, बाबा."

तेवढ्यात आईचा साताऱ्याहून फोन. नातीने फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं 'आजीचा तन्मणी'.

"अगं, माझा कुठला? माझा तर ९४ सालीच मोडला, तुझ्या बाबाच्या फीसाठी."

"तुझाही फासा तुटला होता?"

"तुटला नाही गं. विकला."

तन्मणी गेला हे मला माहीत होतं. कशासाठी गेला, हे कुणी सांगितलं नव्हतं. फेविक्विक पुन्हा खणात गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी मुद्दाम मागे थांबलो. लेकीने डबी ठेवली आणि काकूंनी उघडायच्या आत सांगून टाकलं, "फासा तुटलाय." काकूंनी चष्मा चढवून सर मोजले. "चिकटवलं नाहीस ते बरं केलंस. डिंक लागला की दागिने गाठवणारा पटवेकरी हात लावत नाही." गाठवणावळीचे ६० रुपये कापून ९४० परत दिले, रोख. यूपीआय नाही, सुटे घेऊन जा.

फोटो अजून आहे, 'आजीचा' तेवढं पुसलंय.

एक स्टार कापला तो नथीसाठी. चाप इतका घट्ट की लेकीने तासाभरात नथ काढून पर्समध्ये टाकली. नाकावर दोन दिवस लाल खूण होती. बुगडी मागितली होती, ती नव्हतीच.