परराज्यातला ऑप्टोमेट्रीचा परवाना आणि तो काढून देणारी एजन्सी

अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्टचा, म्हणजे डोळे तपासून चष्मा व काही उपचार देणाऱ्या व्यावसायिकाचा, परवाना देश देत नाही, राज्य देते. 1901 साली मिनेसोटाने या व्यवसायासाठी पहिला कायदा केला आणि पुढे प्रत्येक राज्याने आपापला कायदा व परवाने देणारे आपापले बोर्ड उभे केले. त्यामुळे एका राज्यात वर्षानुवर्षे रुग्ण तपासलेल्या डॉक्टरलाही राज्य बदलले की नव्या बोर्डाच्या दारात अर्जदार म्हणून उभे राहावे लागते. राष्ट्रीय परीक्षा पुन्हा द्याव्या लागत नाहीत, पण त्या दिल्याचे आणि मधल्या काळात कोणताही ठपका न येता काम केल्याचे पुरावे गोळा करणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. हे काम फी घेऊन करून देणाऱ्या एजन्सी आहेत. राज्य बदलताना मी त्यांच्यापैकी एकीची सेवा घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढील बहुतेक मुद्दे तिच्यापेक्षा या सेवेच्या स्वरूपालाच लागू पडतात.

प्रथम जमेची बाजू. एजन्सीने पहिल्याच बैठकीनंतर दिलेली कागदपत्रांची यादी अतिशय चोख होती. नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनर्स इन ऑप्टोमेट्री, म्हणजे एनबीईओ, हिच्याकडील तिन्ही भागांचे गुण, महाविद्यालयाकडून परस्पर जाणारी गुणपत्रिका, वैद्यकीय व्यावसायिकांवरील कारवायांची नोंद ठेवणाऱ्या नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेचा स्वतःविषयीचा अहवाल, बोटांचे ठसे, नव्या राज्याच्या कायद्यावरची परीक्षा आणि आजवर जिथे जिथे परवाना होता त्या प्रत्येक राज्याचे पडताळणीपत्र, असा सगळा पसारा त्यांनी क्रमवार मांडून दिला. यातला शेवटचा मुद्दा अनेक जण विसरतात. शिक्षण संपल्यावर काढलेला आणि पुढे नूतनीकरण न केलेला जुना परवानाही मोजला जातो, आणि तो अर्जात नोंदवला नाही तर माहिती लपवल्याचा संशय येतो. हे त्यांनी न विचारता सांगितले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मात्र वेळ जिथे खरोखर जातो तिथे एजन्सीचा हात पोहोचत नाही. बोर्डांना बहुतेक कागद मूळ संस्थेकडूनच हवे असतात. गुण एनबीईओने पाठवायचे, पडताळणीपत्र जुन्या बोर्डाने पाठवायचे, अर्जदाराने किंवा त्याच्या वतीने एजन्सीने पाठवलेली प्रत चालत नाही. एनबीईओच्या गुणांची मागणी मला माझ्याच खात्यातून करावी लागली आणि ते काम विनासायास झाले. जुन्या बोर्डाचे पत्र मात्र अडकून पडले. एजन्सीच्या संकेतस्थळावर त्या ओळीपुढे ‘पूर्ण’ अशी हिरवी खूण दिसत होती, तर नव्या बोर्डाच्या खात्यात तीच बाब ‘प्रलंबित’ होती. चौकशी केल्यावर कळले की हिरव्या खुणेचा अर्थ एजन्सीने विनंतीचा अर्ज टपालात टाकला, एवढाच होता. शेवटी जुन्या बोर्डाला मीच फोन केला आणि पत्र निघाले. ज्या कामासाठी पैसे मोजले तेच काम असे आपल्या अंगावर येणे कोणालाही रुचणार नाही.

नावाचा घोळ हा आपल्याकडच्या अर्जदारांनी विशेष लक्षात घ्यावा असा विषय आहे. माझ्या पदवीवर मधले नाव वडिलांचे व आडनाव माहेरचे, तर परवान्यावर मधले नाव नवऱ्याचे व आडनाव सासरचे आहे. मराठी घरांत यात नवल काहीच नाही, पण बोर्डाच्या लेखनिकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. एजन्सीच्या प्रश्नावलीत ‘पूर्वीचे आडनाव’ असा रकाना होता, मधले नाव बदलते याची कल्पनाच नव्हती. बोर्डाने विचारणा केल्यावर महानगरपालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला जोडला. तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असल्यामुळे भाषांतराचा खर्च तेवढा वाचला.

माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. परवाना मिळणे आणि पूर्वी करत होतो ती सगळी कामे करण्याची मुभा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एजन्सी फक्त पहिलीचा विचार करते. ऑप्टोमेट्रिस्टने काय करावे हे राज्यागणिक बदलते. ओक्लाहोमाने 1998 मध्ये आणि केंटकीने 2011 मध्ये काही लेझर उपचारांना कायद्याने परवानगी दिली. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये काचबिंदूवर उपचार करण्याचा आणि न्यूयॉर्कमध्ये पोटात घेण्याची काही औषधे लिहून देण्याचा अधिकार देणारे कायदे 2021 मध्ये झाले. साहजिकच मर्यादित अधिकारांच्या राज्यातून व्यापक अधिकारांच्या राज्यात जाणाऱ्याला जादा प्रशिक्षणाचे किंवा परीक्षेचे पुरावे मागितले जाऊ शकतात. एनबीईओची डोळ्यांच्या आजारांवरील उपचारांची परीक्षा, जिला सगळे टीमॉड म्हणतात, ती रूढ होण्यापूर्वी पदवी घेतलेल्या ज्येष्ठांची तर इथे विशेष पंचाईत होते. याविषयी मी लेखी प्रश्न विचारला तेव्हा एजन्सीने बोर्डाच्या नियमावलीची लिंक पाठवली. ती लिंक माझ्याकडे आधीपासूनच होती.

परवान्यानंतरच्या कामांतही फारशी मदत झाली नाही. एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, तोच राहतो, पण बदललेला पत्ता 30 दिवसांत कळवावा लागतो. नियंत्रित औषधे लिहून देण्यासाठीची डीईए या संघीय संस्थेकडील नोंदणी नव्या राज्याच्या परवान्याला जोडून घ्यावी लागते, मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडेही नव्या राज्यासाठी नव्याने नोंदणी करावी लागते. ही कामे पॅकेजमध्ये नाहीत हे करारात बारीक अक्षरांत लिहिलेले होते, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, तरी विक्रीच्या वेळी ‘पहिल्या रुग्णापर्यंत सोबत’ अशी भाषा वापरणे प्रामाणिकपणाचे नाही.

फीचे म्हणाल तर ती बोर्डाच्या अर्जशुल्कापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि बोर्डाचे शुल्क वेगळे भरावेच लागते. ज्यांचा एकच परवाना आहे आणि ज्यांना संध्याकाळी तासभर बसून फॉर्म भरता येतात, त्यांनी हा खर्च करू नये. अनेक राज्यांत परवाने असलेल्यांना किंवा साखळी दुकानांसाठी एकाच वेळी दोन-तीन राज्यांत अर्ज करणाऱ्यांना मात्र ही सेवा उपयोगी पडेल. लष्करात असलेल्यांच्या जोडीदारांनी पैसे भरण्याआधी जानेवारी 2023 पासून लागू झालेली परवाना सोबत नेण्याची संघीय तरतूद आपल्याला लागू होते का, हे बोर्डालाच विचारावे. काम संपल्यावर एजन्सीने दरवर्षीच्या नूतनीकरणाचे पॅकेजही देऊ केले. सततच्या शिक्षणाचे तास ओई ट्रॅकर या ऑनलाइन नोंदवहीत नोंदले जातातच आणि अनेक बोर्डे ते तिथूनच पाहतात, म्हणून मी ते घेतले नाही.