रत्नागिरीच्या दमट हवेत छोटी रेल्वे: डीसीसी आणि सांधे, दहा महिन्यांनंतर

आधीच सांगतो. इंजिनं चालवणाऱ्या पेटीचा जेवढा विचार कराल, त्याच्या दुप्पट सांध्यांच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांच्या, मोटरींचा करा. मी बरोब्बर उलटं केलं.

गेल्या दिवाळीत माळ्यावर आठ बाय चारच्या प्लायवर एचओ मापाची मांडणी केली. कोकण रेल्वेसारखीच एकेरी लाइन, तीन स्टेशनं आणि क्रॉसिंगसाठी प्रत्येक स्टेशनात एक जादा मार्ग. एक गाडी बाजूला घेऊन दुसरी काढायची, मजा त्यातच. सांधे एकूण झाले नऊ. एचओचं प्रमाण १:८७ आणि रूळ १६.५ मिलिमीटर. आपल्या १६७६ च्या ब्रॉडगेजला हिशेबाने १९ च्या वर लागले असते, म्हणून भारतीय इंजिन जरा अरुंद रुळांवर उभं दिसतं. बाबांना ते पहिल्याच दिवशी खटकलं. मला आता जाणवतही नाही.

साध्या डीसीवर एका रुळावरची दोन्ही इंजिनं एकदमच धावतात, क्रॉसिंग खेळायचं तर रुळांचे तुकडे पाडून बटणांची फौज लागते. डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल) वीज आणि हुकूम दोन्ही रुळातूनच जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर (हुकूम वाचणारी छोटी चकती) आपला पत्ता असलेलाच हुकूम ऐकतो. तयार पेट्या चांगल्या असतात, पण मी अर्डुइनो मेगा हा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आणि त्यावर बसणारी, रुळांना वीज देणारी मोटर शील्ड घेऊन त्यात डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर घातलं. ते फुकट मिळतं आणि अँड्रॉइडवर 'इंजिन ड्रायव्हर' अॅपने फोनच कंट्रोलर होतो. एक काळजी घ्या: शील्डच्या पाठीवरची 'व्हीआयएन कनेक्ट' ही जोडणी ब्लेडने कापा, नाहीतर रुळांसाठी लावलेला चौदा-पंधरा व्होल्ट मेगाच्या बोर्डात शिरतो. मी भिंगाखाली दोनदा पाहून मगच प्लग लावला.

नवीन डिकोडरचा पत्ता ३ असतो. दोन नवी इंजिनं तशीच रुळावर ठेवली आणि दोन्ही एकदम निघाली! मग एकेकटं प्रोग्रॅमिंगच्या रुळावर घेऊन पत्ते बदलले. इंजिनावर रंगवलेला क्रमांक पाच आकडी असतो, त्यातले शेवटचे चार घेतले, म्हणजे लक्षात राहतात. हा भाग दहा महिन्यांत एकदाही त्रास न देता चाललाय.

रडगाणं सांध्यांचं. सुरुवातीला नऊही ठिकाणी दोन कॉइलच्या मोटरी लावल्या. खट्ट करून सांध्याची हलती पट्टी फेकतात, आवाज ऐकून पोरं खूश. त्यांना हुकूम पोचवणारा अॅक्सेसरी डिकोडर मात्र स्वस्तातला घेतला. मार्चपर्यंत ठीक होतं. जूनमध्ये त्याच्या स्क्रूंवर हिरवा थर चढला आणि सांधे कधी हलेनात, तर कधी अर्ध्यात थांबू लागले. फ्रॉगला, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, वीज असलेले सांधे होते, त्यामुळे इंजिन चुकीच्या बाजूने शिरलं की शॉर्ट, आणि सगळी रेल्वे ठप्प. बाबा खालून म्हणाले, "अरे, एक सांधेवाला ठेव पगारावर. स्वस्त पडेल."

जुलैत सात सांध्यांना एसजी-९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणाऱ्या छोट्या मोटरी) लावले, अनेक सर्व्हो एकत्र चालवणाऱ्या पीसीए-९६८५ बोर्डावरून. शंभर-दीडशेला एक मिळतो. बाहेरून मागवायच्या स्लो मोटरीच्या पैशात डझनभर येतील. पट्टी आता खऱ्यासारखी हळू सरकते, शेजारी मायक्रोस्विच लावून फ्रॉगची वीजही तिच्याबरोबर बदलते. सर्व्होंना ५ व्होल्टचा वेगळा अॅडॅप्टर द्या. मेगाच्या पिनेवरून घेतलात तर सगळे थरथरायला लागतात. लाइट जाऊन आली की एक झटका तरीही देतात, तेवढं सोसायचं.

पण मी सर्व्होवर खूश आहे ते वेगळ्याच कारणाने. श्रावणात प्लाय फुगलं आणि दुसऱ्या स्टेशनच्या सांध्याची पट्टी रुळाला चिकटेना, मध्ये कागद जाईल एवढी फट. इंजिनाचं पुढचं चाक दर वेळी तिथेच चढून पडायचं. कॉइलची मोटर असती तर टेबलाखाली उताणा पडून स्क्रू सैल करावे लागले असते. इथे सर्व्होने किती फिरायचं हे सांगणारा हुकुमातला ४१० चा आकडा ४२५ केला, पट्टी चिकटली. दसऱ्याला प्लाय सुकेल तेव्हा आकडा परत ४१० वर आणीन.

रूळ मात्र कुठल्याही यंत्रणेने पुसून मिळत नाहीत. पावसात दर चार दिवसांनी काळा थर येतो आणि इंजिन अडखळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरतं. पॉलिशपेपर लावू नका, ओरखड्यांत घाण जास्तच बसते. एकदा सगळं स्वच्छ असूनही सांधा हलेना. खाली बघतो तर कुंभारीण माशीने सर्व्होच्या दांडीभोवती मातीचं घर बांधलेलं! बारीक चिमट्याने काढलं आणि टेबलाच्या खालच्या बाजूने मच्छरदाणीचं कापड ठोकलं.

बोगद्यातले दोन सांधे अजून कॉइलवर आहेत, कारण डोंगर पीओपीचा आणि हात आत जात नाही. तेवढ्यासाठी गणपती गेल्यावर मागच्या बाजूने डोंगराला खिडकी पाडणार आहे.