व्हेज सुशी: पॅन-एशियन रेस्टॉरंटात की जपानी?

चौघांत दोघं शाकाहारी, आणि शुक्रवारी रात्री सुशीचा बेत. पुण्या-मुंबईत अशा वेळी दोन तऱ्हेच्या जागा समोर येतात. एक, पानभर व्हेज सुशी देणारं पॅन-एशियन रेस्टॉरंट. दुसरी, मुख्यतः जपानी गिऱ्हाइकांवर चालणारी छोटी जागा, जिथे व्हेजच्या जेमतेम चार ओळी.

पॅन-एशियनमध्ये अ‍ॅव्होकाडो, क्रीम चीज, भाज्यांचा टेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, आणि वर तिखट मेयो. बरेच रोल उलटे असतात, म्हणजे भात बाहेर आणि नोरी आत, त्यामुळे समुद्री शेवाळाच्या वासाला नाक मुरडणाराही खातो. नाहीच आवडलं तर डिमसम, नूडल्स आहेतच. मात्र एवढं चीज-मेयो थापल्यावर भाताची चव लागत नाही, आणि माझ्या मते सुशीची खरी गंमत त्या व्हिनेगर, साखर, मीठ लावलेल्या भातातच आहे.

तो भात खायचा तर जपानी जागा बरी. काकडीचा रोल म्हणजे कप्पा माकी, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याचा रोल, गोडसर शिजवलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात म्हणजे इनारी. कानप्यो माकीतल्या तपकिरी पट्ट्या तर चक्क सुकवलेल्या दुधीच्या. घरी दुधीला नाकं मुरडणारे इथे पैसे मोजून खातात!

पण मेख इथेच आहे. इनारीचा टोफू आणि कानप्यो पुष्कळदा दाशीत, म्हणजे जपानी स्टॉकमध्ये शिजवतात, आणि नेहमीच्या दाशीत सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो. मिसो सूपचं आणि टेम्पुराबरोबरच्या सॉसचंही तेच. म्हणून ‘यात मासा आहे का?’ एवढंच विचारू नका. मासा दिसत नाही, त्यामुळे वेटर सहज ‘नाही’ म्हणून जातो. ‘दाशी कशाची?’ असं विचारा. नुसत्या कोम्बूची, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाची, किंवा सुक्या शिताके मशरूमची असेल तर प्रश्न मिटला.

पॅन-एशियनवाल्यांनाही आंधळेपणाने सूट नको. जपानी पद्धतीच्या मेयोत अंड्याचा बलक असतो, टेम्पुराच्या पिठातही अंडं असू शकतं. आपल्याकडे बिनअंड्याचा मेयो सर्रास मिळतो, पण तिथे तोच वापरतात का, हे विचारावं लागतं. नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस पडतो का, हेही. मासे कापलेली सुरी-पाटी ज्यांना चालत नाही, त्यांनी दोन्ही जागा सोडून सरळ शुद्ध शाकाहारी रेस्टॉरंट गाठावं. अनलिमिटेड सुशीच्या ऑफरच्या नादी मी लागत नाही. भातानेच पोट भरतं.

पहिलीच खेप असेल आणि टेबलावर कुणी चोखंदळ असेल, तर पॅन-एशियन, पण एक साधा काकडीचा रोल मागवाच. सुशी आधी खाल्लेली असेल आणि मासे खाणाऱ्यांनाही खूश ठेवायचं असेल, तर जपानी. टेबल राखायला फोन कराल तेव्हाच दाशीचं विचारून घ्या. ‘किचनमध्ये विचारून सांगतो’ म्हणाले तर थांबा. ‘हो हो, सगळं व्हेजच आहे’ असं घाईघाईने म्हणाले तर दुसरा नंबर फिरवा.