देवळापुढे कोणती दाखवायची: 'माय आर्किटेक्ट' की 'स्टोरीज वी टेल'?

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की देवळापुढे पडदा लावून एखादी डॉक्युमेंटरी दाखवायची आणि विषय 'न लाभलेला कलावंत बाप' ठेवायचा, असं तुमच्या मंडळात चाललं असेल, तर माझं मत 'माय आर्किटेक्ट'ला.

२००३ ची ही फिल्म नॅथॅनिएल कानची. बाप लुई कान, जगभर नावाजलेला वास्तुविशारद. लग्न एकीशी, मुलं तिघींपासून. १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर तो गेला, तेव्हा नॅथॅनिएल अकरा वर्षांचा. वर्तमानपत्रातल्या मृत्युलेखात त्याचा उल्लेखच नव्हता. मोठेपणी तो बापाच्या इमारतींतून हिंडतो: कॅलिफोर्नियातली सॉल्क संस्था, अहमदाबादचं आयआयएम, शेवटी ढाक्याचं संसद भवन. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशीही भेटतात. इंग्रजी न कळणाऱ्यालाही बरंच काही नुसतं बघून उमगतं. शिवाय कार्तिकापासून जत्रा करत फिरणाऱ्या दशावतारी नटांची घरं सिंधुदुर्गात आहेत. बापूस रात्रभर राजा आणि घरात पत्ता नाही, हे तिथल्या पोरांना समजावून सांगावं लागणार नाही.

ढाक्यात एक बंगाली वास्तुविशारद भरल्या डोळ्यांनी मुलाला सांगतो, की सगळ्यांवर माया करणाऱ्याच्या हातून जवळचेच राहून जातात. मला ते पटत नाही. आईला नेमके प्रश्न विचारणारा मुलगा इथे बापाला फार स्वस्तात सोडतो.

'स्टोरीज वी टेल' (२०१२) कॅनडाच्या सारा पॉलीची. आई १९९० मध्येच गेलेली. पुढे कळतं की जन्मदाता दुसराच, हॅरी गल्किन नावाचा चित्रपट निर्माता. वाढवणारा बाप मायकल हा नट, आणि स्टुडिओत बसून स्वतःच लिहिलेलं निवेदन तोच वाचतो. फिल्म म्हणून मला हीच सरस वाटते. जुन्या घरगुती चित्रीकरणासारखी दिसणारी बरीच दृश्यं नटांकडून करवून घेतलेली आहेत. हे प्रेक्षकांना आधी सांगू नका. पण सगळा मामला बोलण्याचा, एकाचं दुसऱ्याशी न जुळणारं. भाषांतर करणारा दमेल.

खरी अडचण निराळीच. कानने तीन घरं केली, तर वाडीत 'कलावंत माणूस' म्हणून सोडून देतील. साराच्या आईला मात्र नावं ठेवतील. तो वाद अंगावर घ्यायची तयारी असेल, तर खुशाल दुसरी लावा. फक्त देवळापुढे नको, कुणाच्या तरी पडवीत, दहा-पंधरा माणसांत.