हिरव्या लाइटचा पट्टा आणि ८५ हजार

लिहायला लाज वाटतीय पण लिहितोच, कारण आम्ही न बघता फसलो नाही, गुगलवर बघून फसलो.

थोरल्या काकांना मूत्राशयाचा कॅन्सर, सुरुवातीचा. दुर्बिणीतनं गाठ काढली, मग डॉक्टरांनी आठवड्याला एक असे बीसीजीचे (टीबीची लस असते तीच, मूत्राशयात सोडतात) डोस सुरू केले, दोन डोसातच लघवीला अशी आग व्हायला लागली की काका म्हणाले आता बास. तेवढ्यात पाव्हण्यातल्या एकानं कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ऑफिसचा नंबर दिला.

तिथला माणूस एकदम गोडबोल्या. रुथेनियम धातूचं औषध आहे म्हणे, अंधारात गप्प बसतं, हिरवा लाइट पडला की कॅन्सरची पेशी मारतं. घरी येऊन शोधलं तर हे खरंच निघालं! टीएलडी-१४३३ नावाचं रुथेनियमचं औषध याच कॅन्सरवर कॅनडात ट्रायलला, म्हणजे पेशंटवरच्या चाचणीला आहे, लाइटनं ते पेशीतल्या ऑक्सिजनचंच विष करतं. पॅलेडियम धातूवालं एक तर २०१७ ला युरोपात प्रोस्टेटसाठी मंजूर पण झालंय. झालं, विश्वास बसला. पण ह्याच्या बाटलीत तेच आहे का, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही बघा.

काकूंच्या पाटल्या गुजरीत, सराफाकडं गहाण टाकल्या, ८५ हजार मोजले आणि ३ बाटल्या थेंब न् पोटाला बांधायचा एलईडीचा पट्टा घेऊन आलो.

तीन महिन्यांनी लघवीतनं परत रक्त. ट्रायलमधलं औषध म्हणून सांगितलं तर डॉक्टर भडकले नाहीत, नुसतं विचारलं, ट्रायल होती तर पैसे कशाचे घेतले, आणि सीटीआरआयचा (ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर कुठाय? २००९ पासून आपल्याकडं ट्रायलची तिथं नोंद सक्तीची आहे, हे मला तेव्हा कळलं. खऱ्या ट्रायलमधे औषध नळीनं मूत्राशयात सोडतात आणि लेसरची फायबरपण आतच घालतात, कारण हिरवा उजेड अंगात काही मिलिमीटरच शिरतो. आमच्या पट्ट्याचा तर काकांच्या ढेरीतच संपत असणार. पावती काढून बघितली, त्यावर लिहिलंय 'फूड सप्लिमेंट'. एवढे दिवस कुणी वाचलीच नव्हती.

ऑफिसला आता कुलूप, फोन बंद, तक्रार दिलीय. काकांची गाठ परत काढली, बीसीजी परत पहिल्यापासनं. पट्टा माळ्यावर पडलाय, नातू म्हणाला गणपतीच्या आरासीला लावूया, काकू असल्या पेटल्या म्हणता!